पाडव्याची बंदूक

जळगाव जामोदला तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली मी सत्तावीस वर्षं अर्जनवीस म्हणून बसलो. लोक मला मुन्शीजी म्हणायचे. पेटी, दौत, टाक आणि बसायला एक फाटकी सतरंजी, एवढा माझा संसार. या सत्तावीस वर्षांत मी किती कागद लिहिले त्याची गणती नाही. त्यात चुका झाल्या नसतील असं मी म्हणत नाही, पण त्या कोणी येऊन मला दाखवल्या नाहीत. एक चूक मात्र माझ्याच सतरंजीवर येऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती चूक मी गोजरबाईच्या अर्जात केली.

साल चौसष्ट. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती आणि ऊन मी म्हणत होतं. मी भाकरी खायला उठणार एवढ्यात एक बाई समोर येऊन टेकली. तोंडओळख होती. डोंगराच्या पायथ्याच्या गावातली माळीण, बाजाराच्या दिवशी वांगी-मिरच्या घेऊन बसायची. वय पस्तिशीचं, अंगानं काटक, बोलणं थेट.

"मुन्शीजी, बंदुकीचा अर्ज लिहून द्या. कायद्याची पाह्यजे. चोरीची नको."

मी हसलो. "कोणाला मारायचंय बाई?"

"रानडुकराईले," ती म्हणाली. तिला हसू आलं नाही. "अन् पाडव्याले त्याईले द्याची हाय."

त्याईले म्हणजे नवऱ्याला. दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि नवरा ताटात काहीतरी टाकतो, हे जगाला माहीत आहे. बायकोनं नवऱ्याला पाडव्याची भेट द्यावी, आणि तीही बंदूक, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी भाकरी विसरलो आणि तिला बोलू दिलं.

मागच्या हंगामात तिचा नवरा आणि धाकटा दीर भाऊराव ज्वारी राखायला गेले होते. दिवस मावळताना डुक्कर अंगावर आलं. नवरा आंब्यावर चढला. भाऊराव खालीच राहिला आणि डुकरानं त्याची मांडी फाडली. माणूस वाचला, पण पाय वाकडा झाला.

"भाऊजी लंगडतेत, पण हासतेत," ती म्हणाली. "हे धड चालतेत, पण मान वर नाई करत. पारावर बसणं सोडलं. दिवस कलला का घरात. गावातले लोक आंब्याचं नाव काहाडून हासतेत. मुन्शीजी, माणूस घरात असूनही घरात नाई. हातात बंदूक आली त उभे राह्यतीन ते. नाई आली त असेच मरतीन."

मला ती बाई आवडली. रागही आला, कारण असल्या बायकांपुढे आपण बापये फार लहान दिसतो. मी कागद ओढला.

"नाव?"

"गोजरबाई."

"नवऱ्याचं?"

आमच्याकडच्या बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. बरोबरचं कोणी असलं तर ते सांगतं, पण ती एकटी आली होती. तिनं पदर मागे सारला आणि डावा हात पुढे केला. कोपराखाली हिरवं गोंदण होतं: शेषराव. तिला वाचता येत नव्हतं, पण ते काय आहे हे ठाऊक होतं. मी लिहिलं, 'अर्जदार गोजरबाई भ्रतार शेषराव'. वऱ्हाडातल्या कागदांवर बाईच्या नावापुढे भ्रतार घालून नवऱ्याचं नाव लिहितात, तसं.

बंदूक जो वापरणार त्याच्याच नावानं अर्ज हवा, हे मला पक्कं माहीत होतं. नवा कायदा येऊन फार दिवस झाले नव्हते आणि त्याची प्रत माझ्या पेटीत होती. पण पोटात कावळे ओरडत होते. अंगठा ज्याचा तो अर्जदार, ही हाताला जडलेली सवय होती. आणि मनात हेही म्हटलं की एकदा बंदूक घरात आली की कोण बघतो! हे मी आज कबूल करतो. तेव्हा कोणी विचारलं असतं तर त्यालाच चार शब्द सुनावले असते.

चौकशीला जमादार गेला आणि पोलीस पाटील हिंमतरावांच्या ओट्यावर चहा पिऊन, हरकत नाही असं लिहून परत आला. पाडव्याआधी नवऱ्याच्या किंवा पाटलांच्या कानावर जाऊ नये म्हणून गोजरबाईनं जमादाराला वांग्यांची पाटी दिली म्हणे. दसऱ्याच्या आसपास बुलढाण्याहून लायसन आलं. माहेरचे चांदीचे वाळे मोडून ती वरवट बकालच्या आपल्या भावाला, उकंडरावाला घेऊन खामगावला गेली आणि ठासणीची बंदूक घेऊन आली. दुकानदारानं वहीत तिचाच अंगठा घेतला. विकत घेणाराचा अंगठा घेतात, असं बहीण-भावांना वाटलं. दोघंही अक्षरशत्रू.

पाडव्याच्या दिवशी पाटावर बसलेल्या शेषरावाला तिनं ओवाळलं आणि बंदूक मांडीवर ठेवली. नळीला झेंडूची माळ, दस्त्याला हळदकुंकू. हे मला नंतर तिनंच सांगितलं. तो माळ न काढताच बंदूक खांद्यावर टाकून बाहेर निघाला, आणि वर्षभरात पहिल्यांदा पारावर जाऊन बसला. कोणी आंब्याचं नाव काढलं नाही.

चौथ्या दिवशी दोघं माझ्याकडे आली. बंदूक ठाण्यात दाखवायची होती, त्याआधी लायसनात काय लिहिलंय ते वाचून घ्यावं म्हणून. शेषराव पुढे, ती मागे. माणूस उंच, खांदे पडलेले, पण त्या दिवशी ताठ चालत होता. मी कागद उघडला आणि पहिल्याच ओळीवर थांबलो.

"वाचा ना," तो म्हणाला.

"हे लायसन तुमच्या नावाचं नाही," मी म्हणालो. "यांच्या नावाचं आहे."

तो कागदाकडे बघत राहिला, जणू बघितलं की अक्षरं बदलतील. गोजरबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "म्या त तुमाले सांगतलं होतं का त्याईले द्याची हाय," ती हळू म्हणाली. सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

मग कायदा सांगणं मला भाग पडलं. बंदूक झाडायची ती लायसनवालीनंच. नवरा तिच्यासोबत, तिच्या वापरासाठी, बंदूक नुसती उचलून नेऊ शकतो. त्यानं झाडली तर तो गुन्हा. नवा अर्ज करता येईल, पण सहा-आठ महिने जातील आणि तोवर बंदूक ठाण्यात जमा ठेवावी लागेल.

शेषराव कडवट हसला. "सरकारलेबी समजलं वाटते, घरात बाप्या कोन हाय ते."

"असं नका बोलू," ती म्हणाली.

त्यानं माझ्यापुढे हात जोडले. "मुन्शीजी, जमा नाई कराची. गावानं पाह्यली माह्या खांद्यावर. आता ठाण्यात ठेवली त लोक काय म्हनतीन? गावात कोनाले सांगू नका."

मी सांगितलं नाही. त्याच्या भल्यासाठी म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे माझी चूक झाकली जात होती.

मग त्यांचं असं सुरू झालं. उन्हं कलली की शेषराव बंदूक खांद्यावर घेऊन गावातून निघायचा. मागून गोजरबाई, डोक्यावर पाण्याची घागर, कमरेला लायसनाची मेणकापडाची पिशवी. बघणाऱ्याला वाटे, नवरा राखायला चालला आणि बायको भाकर-पाणी नेतेय. वावरातल्या राखणीच्या माळ्यावर चढलं की तो बंदूक ठासायचा आणि ती झाडायची. ठासणं त्याला छान जमलं होतं. झाडायचं मात्र तो नावही काढत नसे. कायदा होताच आडवा, त्यामुळे त्याला का झाडता येत नाही हे त्यानं स्वतःलाही कधी विचारलं नसावं. तिचे पहिले दोन बार फुकट गेले. तिसऱ्याला डुक्कर आडवं झालं.

गावानं शेषरावाला खांद्यावर घेतलं. हिंमतराव पाटलांनी घरी बोलावून त्याला फेटा बांधला. गोजरबाई दारामागून बघत होती आणि तिला, तिच्याच शब्दात सांगायचं तर, पोट भरल्यासारखं वाटलं. तिनं बंदूक दिली नव्हतीच मुळी, तिनं त्याची मान वर करून दिली होती आणि ती झाली होती. पण तो फेटा शेषरावाला काट्यासारखा टोचत होता. घरी आला आणि फेटा कोपऱ्यात फेकून म्हणाला, "बार तुहा अन् फेटा माहा. चोरीचं खाऊन राह्यलो मी." त्यानंतर प्रत्येक डुकरामागे गाव त्याला जास्त मान देई आणि तो तिच्याशी कमी बोले. एकदा आली तेव्हा ती माझ्यासमोर रडली. "काय करू मुन्शीजी? नाई मारलं त पीक जाते. मारलं त हे जातेत." मी नवा अर्ज लिहून देतो म्हटलं. तिनं मान हलवली. बंदूक ठाण्यात ठेवायला तो तयार नव्हता.

पौष लागला होता. ज्वारी निघाली होती, तूर उभी होती. दिवेलागणीला तुरीत काहीतरी खसफसलं. शेषरावानं ठासून दिली, गोजरबाईनं नेम धरून चाप ओढला, आणि तुरीतून माणसाचा आवाज आला. भाऊराव होता तो. त्याचा गोऱ्हा सुटून तुरीत शिरला होता, बिथरू नये म्हणून त्यानं हाक दिली नव्हती. राखणीच्या वावरात शिरताना बांधावरून आवाज द्यायचा, हे आमच्याकडे लहान लेकरालाही कळतं. तो त्या एका दिवशी चुकला. छर्रे खांद्यात आणि दंडात बसले.

शेषराव माळ्यावरून उडी टाकून धावला. भावाला पाठीवर घेऊन गावापर्यंत, आणि तिथून गाडीत घालून जळगावच्या दवाखान्यात. भाऊराव वाचला, पण छर्रे म्हटल्यावर दवाखान्यानं पोलिसांना कळवलं. ठाणेदार पंचनाम्याला आले आणि त्यांनी सगळ्या गावासमोर विचारलं, "बंदूक कोणी झाडली?"

गोजरबाई म्हणाली, "म्या."

शेषराव म्हणाला, "म्या."

ठाणेदारांनी लायसन बघितलं, मग गावाकडे बघितलं. गाव एकमुखानं बोललं. शेषरावच झाडतो साहेब, डझनभर डुकरं लोळवलीत त्यानं, बाई नुसती पाणी घेऊन जाते. कोणी वाईट हेतूनं बोललं नाही. उलट अभिमानानं बोलले. भाऊरावानंही दवाखान्यात पडल्या पडल्या सांगितलं, दादाशिवाय कोण झाडणार? लायसन आपल्या नावाचं आहे म्हणून बाई नवऱ्याला वाचवायला खोटं बोलतेय, असं ठाणेदारांनी धरलं आणि शेषरावाला हवालातीत टाकलं.

मी त्याला भेटायला गेलो. गजांतून सांगितलं, बाबा रे, खरं सांग. ती लायसनवाली आहे, चुकून झालेला अपघात, तिला दंड होईल, फार तर लायसन जाईल. तू झाडलीस म्हटलंस तर तुला जेल आहे.

तो जमिनीकडे बघत बोलला. "मुन्शीजी, एकडाव भावाले खाली सोडून झाडावर चढलो. आता बायकोले सोडून चढू काय?"



दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधीच गोजरबाई कडुनिंबाखाली बसलेली होती. डोळे सुजलेले. "अर्ज लिहा," ती म्हणाली. "म्या खरं सांगतलं त ते सुटतेत, पन गावात त्याईचं काई नाई राह्यत. नाई सांगतलं त जेल. सारी रात बसून इचार केला. मान म्याच देली होती, म्याच परत घेतो. माणूस त घरी येईन."

मी टाक बुडवला. नवऱ्याचं नाव कुठं आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तिच्या हाताकडे बघितलं. तिनं पदर ओढून हात झाकून घेतला.

"लिहा," ती म्हणाली. "शेषराव. शेषरावनं बंदूक झाडली नाई. एकडावबी नाई. सारे बार म्या झाडले."

आजूबाजूचे दोन-तीन पक्षकार वळून बघायला लागले. तिनं आयुष्यात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं होतं. तिनं जसं सांगितलं तसं मी लिहिलं. दोनदा वाचून दाखवलं. खाली एक ओळ मी न विचारता घातली, की मूळ अर्जातली चूक अर्जनवीसाची आहे. माझंही अर्जनविशीचं लायसन होतं आणि ते जाऊ शकत होतं. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

ठाणेदार जुने शिकारी. अर्ज वाचून म्हणाले, "बंदूक झाडणारा मला डोळ्यावरून कळतो." ठाण्याच्या आवारात त्यांनी शेषरावाला बाहेर काढलं. फाटकाबाहेर गावातली माणसं जमली होती. "नुसती दारू भर. छर्रा नको."

शेषरावानं ठासली. मापानं दारू, वरून चिंधी, गजानं दोन ठोके, घोड्याखाली ठिणगीची टोपी. एकही हालचाल वाया नाही. फाटकाबाहेरून कोणीतरी शाबास म्हणालं.

"आता झाड. भिंतीकडे."

त्यानं बंदूक खांद्याला लावली. बोट चापावर गेलं आणि तिथंच थांबलं. नळी हलायला लागली. त्यानं तोंड एका बाजूला फिरवलं, डोळे घट्ट मिटले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्याला ती झाडायची होती. जेलमध्ये जाण्यासाठी झाडायची होती, बायकोला वाचवण्यासाठी. पण आंब्याखालचं ते डुक्कर त्याच्या बोटात अजून बसलेलं होतं. बाहेर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

शेषरावानं बंदूक खाली केली. चालत गोजरबाईपाशी गेला आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

तिनं घेतली, खांद्याला लावली आणि झाडली. पापणी लवली नाही.

"आता ठासून दाखव," ठाणेदार म्हणाले.

तिनं दारूचं शिंग हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली. पुढचं तिला माहीत नव्हतं. इतके दिवस ठासलेली बंदूक तिच्या हातात येत होती.

"आधी दारू," शेषराव हळूच म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं. "मंग चिंधी. पुरी दाब."

ठाणेदारांनी दोघांकडे बघितलं आणि त्याला सोडून दिलं. गोजरबाईला दंड झाला, लायसन रद्द झालं, बंदूक मालखान्यात गेली. मला तहसीलदारांनी ताकीद दिली. भाऊरावानं भावजयीवर राग धरला नाही, पण त्याच्या बायकोनं तिच्या घरचं पाणी सोडलं. आणि गाव! गावानं पारावर जे करायचं ते केलं. आता आंबा आणि चाप, दोन्ही होतं हसायला. मी एकदा तिथं गेलो असताना ऐकलं आणि इतका भडकलो की पाटलांनी मला हाताला धरून बाजूला नेलं.

पुढच्या चैत्रात शेषराव एकटाच माझ्याकडे आला. त्यानं लिहून घेतलेला अर्ज नामंजूर झाला, हे आधीच सांगून टाकतो. बुलढाण्यानं तीन ओळींत वाटेला लावला. पण त्या दिवशी मला वाटलं, हा आपल्या नावानं बंदूक मागायला आलाय. म्हटलं, एक पैसा घेणार नाही, माझंच देणं आहे. आणि कागदावर लिहायला लागलो, 'अर्जदार शेषराव'.

"ते खोडा," तो म्हणाला. "तिच्या नावानं लिहा. मले ठासता येते, झाडता येत नाई. साऱ्या गावानं पाह्यलं."

मी नवा कागद घेतला आणि वर बघितलं. मला नाव माहीत होतं, तरी मी विचारलं. आमच्याकडचे बापयेही बायकोचं नाव चारचौघात घेत नाहीत. अगं नाहीतर ऐकलं का, एवढ्यावर संसार होतात. झाडाखाली दहा माणसं बसली होती आणि त्यातली दोन त्याच्याच गावची.

"गोजरबाई," तो मोठ्यानं म्हणाला. "गोजरबाई भ्रतार शेषराव."

अर्ज पुरा झाल्यावर मी वाचून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाला, "पह्यली ओळ आखीन एकडाव वाचा."

मी वाचली.